झाडाखालचा संगणकवर्ग

(संगणक शिकायचा म्हणजे संगणक समोर हवाच, असे आपल्याला वाटते. पण जेथे वीज वारंवार जाते, तेथील मुलांनी काय करावे? नंदुरबार जिल्ह्यातील मोलगी येथे उन्हाळी सुट्टीत वर्ग घेणाऱ्या एका संगणक-शिक्षकाने या पाठात आपली गेल्या वर्षीची चूक आणि यंदाचा बेत मोकळेपणाने सांगितला आहे.)

मुलांनो, मे महिना जवळ आला, की तुमचे लक्ष पुस्तकातून उडते. कोणी मामाच्या गावी जायचे ठरवतो, कोणी नानीच्या घरी. आम्हा शिक्षकांनाही सुट्टीची ओढ असते. मी उर्दू माध्यमाच्या एका शाळेत संगणक शिकवतो. गेल्या वर्षापासून सुट्टीतले बारा दिवस मी मोलगीसाठी राखून ठेवले आहेत.

मोलगी हे अक्कलकुवा तालुक्यातील एक मोठे गाव आहे. पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते या जिल्ह्यात आले. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेले, की सातपुड्याच्या डोंगरांत मोलगी लागते. आजूबाजूच्या पाड्यांवरचे लोक आठवड्याच्या बाजाराला येथे येतात. घरी बहुतेक मुले भिली किंवा पावरी बोलतात. शाळेत ती मराठी शिकतात. म्हणजे मराठी ही त्यांचीही दुसरी भाषा आहे, तुमच्यासारखीच!

या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी गुजरातकडे जातात. होळीला ती गावी परततात. जवळच्या काठी गावची होळी तर फार प्रसिद्ध आहे. होळी झाली, की मोहाची फुले वेचायची आणि त्यानंतर कैऱ्यांचा अमचूर करायचा. उन्हाळा हा येथे सुट्टीचा काळ नसून कामाचा काळ आहे. ही साधी गोष्ट गेल्या वर्षी माझ्या लक्षात आली नव्हती.

गेल्या वर्षी मी चार लॅपटॉप पाठीवर घेऊन मोलगीला गेलो. शाळेतील एक खोली मिळाली. आठवी-नववीची वीस मुले आली. पहिल्या दिवशी सर्वांनी पडद्यावर चित्रे काढली. दुसऱ्या दिवशी आपापली नावे टंकलिखित केली. मुले खूश होती आणि मीही खूश होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी वादळी वारा सुटला. वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली.

संध्याकाळपर्यंत वीज आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. लॅपटॉपमधील वीज संपली आणि एकेक पडदा काळा झाला. मुले बाहेर मोहाच्या झाडाखाली बसून राहिली. मी म्हणालो, "आता घरी जा. वीज आली, की वर्ग पुन्हा सुरू करू."

तेव्हा मागे बसलेली एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, मशीन बंद पडले, तर शिकणे पण बंद?"

मला उत्तर देता आले नाही. मी नुसता हसलो आणि मुलांना घरी पाठवले. चार दिवसांनी वीज आली, तेव्हा वीस मुलांपैकी सातच मुले परत आली. बाकीची अमचुराच्या कामाला लागली होती. त्यांचा दोष नव्हता. मीच त्यांना घरी जायला सांगितले होते.

त्या संध्याकाळी मी गावातून चालत होतो. एका घराच्या अंगणात तीच मुलगी तिच्या आजीजवळ बसली होती. दोघींसमोर वाळलेल्या अमचुराचा ढीग होता. आजी सांगत होती, "पांढरा इकडे टाक. काळा तिकडे टाक. कळत नसेल, तो मध्ये ठेव. मधला ढीग शेवटी पुन्हा बघू." मुलीचे हात भराभर चालले होते. मला पाहून आजी म्हणाली, "गुरुजी, उभे का? बसा, पाणी घ्या."

मी पाणी प्यालो. पण माझे लक्ष त्या तीन ढिगांकडे होते. एक फोड उचलायची, ती तपासायची, तीनपैकी एका ढिगात टाकायची आणि मोठा ढीग संपेपर्यंत हेच करत राहायचे. संगणकही असेच काम करतो! संगणकाचा धडा अंगणात चालला होता आणि मी मात्र बंद पडलेल्या यंत्रांची काळजी करत बसलो होतो.

घरी परतल्यावर मी या विषयावर वाचन केले. तेव्हा कळले, की माझ्यासारख्या अडचणी जगात अनेकांना आल्या आहेत आणि त्यांनी त्यावर उपायही शोधले आहेत. न्यूझीलंडमधील प्राध्यापक टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्ते, दोरी, खडू आणि खेळ यांच्या साहाय्याने संगणकशास्त्र शिकवण्याची पद्धत तयार केली. या पद्धतीत संगणक लागतच नाही. आपल्या देशातही २०१६ पासून 'सीएस पाठशाळा' या उपक्रमातून शाळांसाठी असे विनासंगणक धडे तयार होत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांना संगणकीय पद्धतीने विचार करायला शिकवावे, असे म्हटले आहे. लक्षात घ्या, संगणक हे यंत्र आहे. संगणकशास्त्र हे विचार करण्याचे शास्त्र आहे. यंत्राला वीज लागते, विचाराला लागत नाही.

म्हणून यंदाचा बेत मी अगदी वेगळा आखला आहे. तो तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. यंदा वर्ग सकाळी सात ते साडेनऊ या वेळात भरेल. त्यानंतर ऊन तापते आणि मुलांना घरच्या कामाला जावे लागते. वर्ग बारा दिवसांचा आहे. पहिले नऊ दिवस एकही लॅपटॉप उघडायचा नाही. शेवटचे तीन दिवस वीज असेल, तर लॅपटॉप वापरायचे. वीज नसेल, तरी एकही धडा बुडणार नाही.

पहिल्या दिवशी आम्ही 'मी यंत्र' हा खेळ खेळू. एक मुलगा यंत्र होईल. बाकीची मुले त्याला अमचूर कसा करायचा, ते सांगतील. यंत्राने स्वतःचे डोके चालवायचे नाही. जेवढे सांगितले, तेवढेच करायचे. "कैरी काप," असे कोणी म्हणाले, तर यंत्र सालीसकट कैरी कापेल. कारण "आधी साल काढ," असे कोणीच सांगितले नव्हते. "वाळत घाल," असे सांगितले, तर यंत्र पावसातही फोडी वाळत घालेल. मग मुलांच्या लक्षात येईल, की सूचना नीट क्रमाने द्यायला हव्यात. 'जर पाऊस आला, तर फोडी आत ने' आणि 'जोपर्यंत फोडी ओल्या आहेत, तोपर्यंत त्या उन्हात ठेव' अशी वाक्येही हवीत. यंत्राला चालवणाऱ्या सूचना अशाच 'जर-तर' आणि 'जोपर्यंत-तोपर्यंत' यांच्या मदतीने लिहितात.

अशा पायरी-पायरीने दिलेल्या स्पष्ट सूचनांना अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द कोठून आला, हे ऐकून तुम्हांला आनंद होईल. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी बगदाद शहरात मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी नावाचे थोर गणिती होऊन गेले. तेथील 'बैतुल हिकमत' या विद्यालयात ते काम करत. भारतीय अंकांनी हिशोब कसा करावा, यावर त्यांनी अरबीत ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषेत भाषांतर झाले. युरोपातील लोक त्यांच्या नावाचा उच्चार 'अल्गोरित्मी' असा करू लागले. त्यावरूनच अल्गोरिदम हा शब्द बनला. त्यांच्या दुसऱ्या एका ग्रंथाच्या नावात 'अल-जब्र' हे शब्द आहेत. उर्दूत तुम्ही बीजगणिताला अल-जब्रा म्हणता, तो शब्द तेथूनच आला. म्हणजे अंक भारताचे, ग्रंथ बगदादचा, शब्द लॅटिनमधून आलेला आणि धडा मोलगीच्या झाडाखाली!

दुसऱ्या दिवशी पाच पत्त्यांचा खेळ आहे. हे पत्ते माझ्या शाळेतील मुलांनी पुठ्ठ्यापासून बनवले आहेत. पाच पत्त्यांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ ठिपके आहेत. पाच मुले एका ओळीत उभी राहतील. पत्ता उघडा असेल, तर १ समजायचे. पालथा असेल, तर ० समजायचे. आता २१ ही संख्या दाखवायची आहे. १६, ४ आणि १ हे पत्ते उघडे ठेवले, की झाले. ओळीत वाचले, तर १०१०१ असे दिसेल. तुमचे वय १३ असेल, तर ते ०११०१ असे लिहिता येईल. ८, ४ आणि १ यांची बेरीज करून पाहा. या पाच पत्त्यांनी ० ते ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या दाखवता येते. संगणकाच्या आत असेच फक्त दोन अंक असतात. आपण त्यात लिहिलेली कविता, काढलेले चित्र, गायलेले गाणे, सारे काही शेवटी ० आणि १ यांतच साठवले जाते.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी तराजू येईल. दगड भरलेली आठ गाठोडी मी मुलांपुढे ठेवीन. वजनमापे देणार नाही. एका वेळी दोनच गाठोडी तराजूत टाकून कोणते हलके, एवढेच पाहायचे. असे करून आठही गाठोडी हलक्यापासून जडपर्यंत ओळीने लावायची.

बहुतेक मुले आधी सर्वांत हलके गाठोडे शोधतील. त्यासाठी सात वेळा तोलावे लागते. मग उरलेल्यांतून पुन्हा सर्वांत हलके शोधायचे, त्यासाठी सहा वेळा. असे करत गेले, तर एकूण २८ वेळा तोलावे लागते. आता दुसरी रीत पाहा. आधी दोन-दोनच्या चार जोड्या करा आणि प्रत्येक जोडी तोलून क्रमाने लावा. मग दोन जोड्यांची मिळून चारांची एक ओळ करा. शेवटी चारांच्या दोन ओळी मिळवून आठांची ओळ करा. ओळी मिळवताना फक्त दोन्ही ओळींच्या पुढची गाठोडी तोलायची आणि जे हलके ठरेल, ते उचलायचे. या रीतीने फार तर १७ वेळा तोलावे लागते.

तुम्ही म्हणाल, २८ काय आणि १७ काय, फरक थोडाच आहे. पण आठांऐवजी एक हजार गाठोडी असती, तर? पहिल्या रीतीने सुमारे पाच लाख वेळा तोलावे लागले असते. दुसऱ्या रीतीने नऊ हजारांहून कमी वेळा. यंत्र कितीही वेगवान असले, तरी चांगली रीत शोधण्याचे काम माणसालाच करावे लागते.

पाचव्या दिवसाचा धडा नंदुरबार जिल्ह्याच्या अभिमानाचा आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या छोट्या गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आधार क्रमांकात बारा अंक असतात. त्यांतील शेवटचा अंक हा पहारेकरी असतो. आधीच्या अकरा अंकांवरून हिशोब करून तो काढतात. क्रमांक लिहिताना कोणी एक अंक चुकला, तर पहारेकरी अंक जुळत नाही आणि संगणकाला चूक कळते.

हे कसे होते, ते एका सोप्या रीतीने पाहू. समजा, क्रमांक आहे ४७२. अंकांची बेरीज १३. ती २० करायला ७ हवेत. म्हणून शेवटी ७ लिहू. क्रमांक झाला ४७२७. आता कोणी चुकून ४१२७ लिहिले, तर बेरीज १४ येते. शेवटी शून्य येत नाही, म्हणून चूक सापडते. पण कोणी ४ आणि ७ यांची अदलाबदल करून ७४२७ लिहिले, तर? बेरीज २० च राहते आणि आपला पहारेकरी फसतो! घाईत लिहिताना शेजारचे दोन अंक उलटसुलट होणे ही तर नेहमीची चूक आहे. नेदरलँड्समधील गणिती याकोबुस वेरहूफ यांनी १९६९ मध्ये यापेक्षा चांगली रीत शोधून काढली. तिच्यात एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटले, तर ती चूक हमखास पकडली जाते. आधार क्रमांकात हीच रीत वापरली आहे. टेंभलीच्या कार्डावरील शेवटच्या अंकामागे असे गणित दडलेले आहे, हे मोलगीच्या मुलांना कळले पाहिजे.

उरलेले दिवस दोन प्रकल्पांचे आहेत.

पहिला प्रकल्प अमचुराच्या हिशोबाचा आहे. तो पहिल्या दिवसापासूनच सुरू होईल. प्रत्येक मुलाने एक वही ठेवायची. तिच्यात रकाने आखायचे : तारीख, कैरीचे वजन, वाळलेल्या अमचुराचे वजन, भाव आणि मिळालेली रक्कम. दहा किलो कैरीपासून किती अमचूर होतो? पांढऱ्याला काय भाव मिळाला, काळ्याला काय? पावसाने किती माल काळा पडला? ही उत्तरे मी सांगणार नाही. कारण ती मलाही माहीत नाहीत. ती मुलांच्या वह्यांतूनच निघतील. बाजारात माल विकताना वजन आणि भाव यांचा गुणाकार ज्याला येतो, त्याला कोणी फसवू शकत नाही. घरातील मोठी माणसे शिकलेली नसतील, तर हा हिशोब मुलांनीच त्यांना वाचून दाखवायचा. मला या प्रकल्पाचे मोल सर्वांत जास्त वाटते.

दुसरा प्रकल्प शब्दांचा आहे. मुले आपल्या आजी-आजोबांकडून रोज दहा शब्द गोळा करतील : झाडांची नावे, पाखरांची नावे, बाजारातील वस्तूंची नावे. प्रत्येक शब्द एका कागदावर लिहायचा. भिली किंवा पावरी शब्द जसा ऐकू येतो, तसा देवनागरीत लिहायचा. त्याखाली मराठी शब्द लिहायचा. सुट्टीनंतर हे कागद माझ्या शाळेत येतील आणि तुमच्यासारखी मुले त्यांवर उर्दू शब्द लिहितील. असा आमचा छोटा तीन भाषांचा कोश तयार होईल.

कोश म्हटला, की शब्द क्रमाने लावणे आले. येथे एक गंमत आहे. 'कैरी' आणि 'बाजार' हे शब्द मराठीतही आहेत आणि उर्दूतही आहेत. मराठी कोशात 'क' आधी येतो, म्हणून 'कैरी' आधी आणि 'बाजार' नंतर. उर्दूत 'बे' हे अक्षर 'काफ'च्या आधी येते, म्हणून 'बाजार' आधी आणि 'कैरी' नंतर. शब्द तेच, पण क्रम उलटा! कोणता क्रम हवा, हे संगणकाला आपणच सांगावे लागते.

शेवटच्या तीन दिवसांत वीज असेल, तर हे शब्द आम्ही लॅपटॉपवर टंकलिखित करू. जगातील भाषांच्या अक्षरांना एकेक क्रमांक देणारी एक पद्धत आहे. तिचे नाव युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. या पद्धतीत 'म'चा क्रमांक २३५० आहे. 'मोलगी' हा शब्द संगणकात २३५०, २३७९, २३५४, २३२७, २३६८ असा साठवला जातो. यात तीन अक्षरांचे तीन क्रमांक आहेत आणि काना-मात्रा व दुसरी वेलांटी या चिन्हांचे दोन. उर्दूतील 'पे'चा क्रमांक १६६२ आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि मराठी डावीकडून उजवीकडे. तरीही दोन्ही भाषांतील अक्षरे संगणक आपण वाचतो त्याच क्रमाने साठवतो. दिशा फक्त पडद्यावर दाखवताना बदलते. भाषा लहान असो की मोठी, यंत्राच्या आत तिला सारखाच मान असतो. मात्र तिचे शब्द कोणीतरी कागदावर उतरवायला हवेत. आजीचे शब्द तिच्या नातवंडांशिवाय कोण उतरवणार?

एवढे सारे बारा दिवसांत होईल का? मला खात्री नाही. काही मुले मध्येच कामाला जातील. त्यांच्यासाठी मी प्रत्येक धडा वेगळ्या कागदावर लिहून ठेवला आहे. एक दिवस चुकला, तरी दुसऱ्या दिवशी येऊन बसता येईल. गेल्या वर्षी मी मुलांना "वीज आली, की या," असे सांगितले होते. यंदा "जमेल तेव्हा या," असे सांगणार आहे.

होळीच्या आठवड्यात मी तयारीसाठी मोलगीला जाऊन आलो. शाळेच्या ओट्यावर बसून मुलांची यादी करत होतो. तेवढ्यात ती मुलगी आली. तिचे कुटुंब मजुरीहून दोनच दिवसांपूर्वी परतले होते. ती आता नववीत होती. तिने आपले नाव यादीत लिहायला सांगितले आणि मग हळूच विचारले, "सर, यंदा वीज गेली, तर?"

या वेळी माझ्याजवळ उत्तर होते. मी म्हणालो, "तर आपण झाडाखाली बसू. आणि तुझ्या आजीलाही घेऊन ये. पहिला धडा तिलाच शिकवायचा आहे."

शब्दार्थ

ओढ - मनापासून वाटणारी इच्छा
पाडा - आदिवासींची लहान वस्ती
अमचूर - कैरीच्या वाळवलेल्या फोडी किंवा त्यांची पूड
वळवाचा पाऊस - पावसाळ्यापूर्वी अचानक येणारा पाऊस
टंकलिखित करणे - कळा दाबून अक्षरे उमटवणे
बेत आखणे - योजना ठरवणे
पालथा - उलटा, खाली तोंड केलेला
गाठोडे - कापडात बांधलेले सामान
हमखास - नक्की, खात्रीने
रकाना - आखलेल्या तक्त्यातील उभा भाग
कोश - शब्द व त्यांचे अर्थ देणारे पुस्तक
ओटा - घरापुढील बसण्याची उंच जागा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मोलगी हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(२) गेल्या वर्षी वर्ग का थांबला?
(३) अल्गोरिदम हा शब्द कोणाच्या नावावरून आला?
(४) देशातील पहिले आधार क्रमांक कोठे देण्यात आले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) आजीचे काम पाहून लेखकाच्या मनात कोणता विचार आला?
(२) यंदा लेखकाने वर्गाची वेळ का बदलली?
(३) 'यंत्राला वीज लागते, विचाराला लागत नाही,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
(४) अमचुराच्या हिशोबाचा प्रकल्प लेखकाला सर्वांत मोलाचा का वाटतो?

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(तराजू, अल-जब्र, १०१०१, पहारेकरी)
(१) पाच पत्त्यांच्या खेळात २१ ही संख्या ........ अशी दिसते.
(२) आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हा ........ असतो.
(३) तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी वर्गात ........ येईल.
(४) अल-ख्वारिज्मी यांच्या एका ग्रंथाच्या नावात ........ हे शब्द आहेत.

प्र. ४. खालील वाक्ये पूर्ण करा.
(१) जर पाऊस आला, तर ........
(२) जोपर्यंत गुरुजी येत नाहीत, तोपर्यंत ........
(३) जर तू मला मदत केलीस, तर ........

प्र. ५. खालील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
लक्ष उडणे, बेत आखणे, डोके चालवणे, कामाला लागणे

प्र. ६. "मला उत्तर देता आले नाही ........ माझ्या लक्षात आले नव्हते," अशी स्वतःची चूक मोठ्या माणसांनी कबूल केलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? त्या प्रसंगाविषयी पाच ओळी लिहा.

प्र. ७. पाठातील शेवटच्या परिच्छेदाचे उर्दूत भाषांतर करा.

उपक्रम : (१) तुमच्या घरी रोज होणाऱ्या एखाद्या कामाच्या सूचना क्रमाने लिहा. शेजारच्या मित्राला यंत्र होऊन त्या सूचना पाळायला सांगा. कोठे चूक झाली, ते शोधा. (२) आजी-आजोबांकडून दहा जुने शब्द विचारून घ्या. त्यांची मराठी क्रमाने एक आणि उर्दू क्रमाने एक अशा दोन याद्या करा.